एलओआर (शिफारसपत्र) कोणाकडून मागू? गणितात पुढे एम.एस्सी./पीएच.डी., सध्या टीवाय (तिसरं वर्ष), पुणे

धायरीची_डेल्टा:

नमस्कार मंडळी. मी टीवाय बी.एस्सी. गणित, पुण्यातलंच एक स्वायत्त कॉलेज, नाव नको. सीजीपीए ८.९. पुढे गणितच करायचंय आणि शेवटी पीएच.डी. हे डोक्यात पक्कं आहे, पण मधे काय आणि कुठे याचा पत्ता नाही. गणपतीत पथकात होते त्यामुळे जुलैपासून संध्याकाळ म्हणजे सराव, आणि आता विसर्जन झाल्यावर एकदम सगळ्या तारखा अंगावर आल्यात. जॅमचा (आयआयटीच्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) फॉर्म, टीआयएफआरचा (मुंबईची टाटा संशोधन संस्था) फॉर्म, आणि मैत्रीण म्हणते अमेरिकेच्या डेडलाइन्स डिसेंबरातच असतात म्हणजे ते पण आत्ताच सुरू करायला हवं.

खरी अडचण एलओआरची आहे. बाहेर जवळपास सगळीकडे तीन मागतात. मला नावाने ओळखणारे सर एकच, ज्यांनी आम्हाला ग्रुप थिअरी शिकवली. बाकीच्यांच्या तासाला मी तिसऱ्या बाकावर बसून वही भरलीये, बस. आणि कॉलेजात पद्धत अशी की तूच लिहून आण, मी लेटरहेडवर सही करतो. सीनियर्स सगळे हेच करत आलेत, एकाची वर्ड फाइल तर ग्रुपवर फिरते, नुसतं नाव बदलायचं.

घरी बाबांचं म्हणणं, हिंजवडीच्या एका कंपनीची कॅम्पस ऑफर हातात आहे ती घे, गणित करून शेवटी मास्तरीणच होणार ना. आई न्यूट्रल आहे, म्हणजे बाबा घरात नसले की माझ्या बाजूने.

तर विचारायचं हे की तीन पत्रं कुठून आणू, ती फाइल वापरावी का, आणि आमच्या बॅचला चौथ्या वर्षाचा ऑनर्सचा पर्याय आहे तो घ्यावा की तीन वर्षांत बाहेर पडून एम.एस्सी.ला जावं. एसओपीची (अर्जासोबतचं स्वतःबद्दलचं निवेदन) सुरुवात पण लिहिलीये: "भास्कराचार्य आणि रामानुजन यांच्या भूमीत जन्मलेल्या मला लहानपणापासूनच अंकांचे वेड होते..." इंग्रजीत आहे, इथे मराठीत टाकतेय. कशी वाटते सांगा.

फुकटसल्ला_पुणे:

एसओपी वाचली. रामानुजनला काढ. भास्कराचार्यांनाही त्रास नको. अंकांचं वेड हे लोट्टोवाल्यांना पण असतं.

कात्रज_ते_कोलकाता:

ती वर्ड फाइल आत्ताच्या आत्ता डिलीट कर, मी तोंड पोळून बसलोय म्हणून सांगतोय.

माझं पण सेम. चार-पाच वर्षांपूर्वी बाहेर अर्ज केले, तीन सर, तिघांनीही सांगितलं की ड्राफ्ट तू आण. मी रात्री बसून तीन ड्राफ्ट पाडले. एकात मी "एक्सेप्शनली डिलिजंट", दुसऱ्यात पण तेच, आणि तिसऱ्यात बदल म्हणून "डिलिजंट अँड एक्सेप्शनल". तिन्हीत स्वल्पविराम चुकलेले पण एकाच जागी. सरांनी वाचलं सुद्धा नाही, माझ्यासमोरच जीमेलवरून अपलोड केलं कारण कॉलेजचा मेल आयडी कोणालाच चालवता येत नव्हता. सात ठिकाणी अर्ज, सातही नकार. आता पत्रांमुळेच झालं असं छातीठोक नाही सांगता येणार, कोणी कारण देत नाही, पण नंतर एका प्राध्यापकाला दाखवली तेव्हा ते हसले आणि म्हणाले हे तीन माणसांनी लिहिलंय असं वाचणाऱ्याला दहा सेकंद पण वाटणार नाही.

मग एक वर्ष घरी बसून आयएसआयची (कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) तयारी केली, सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत. आजूबाजूला सगळे एमपीएससीवाले, मी एकटाच गणितातला कंपॅक्टनेस घेऊन बसलेलो, शेजारचा रोज विचारायचा ही कुठली पोस्ट. दुसऱ्या प्रयत्नात एम.मॅथला (तिथलं गणिताचं मास्टर्स) लागलो आणि तिथे पहिल्यांदा कळलं की प्रूफ लिहिणं आणि प्रूफ पाठ करणं यात किती अंतर आहे. त्यामुळे माझं मत, बाहेरचं एक वर्ष विसर, आधी इथल्या परीक्षा दे.

पाषाण_लोकल:

वरच्याला प्लस वन. मी इंटिग्रेटेड पीएच.डी.त (एम.एस्सी. आणि पीएच.डी. एकत्र) आहे, कुठे ते आयडीवरून समजून घ्या.

परीक्षांबद्दल थोडं, कारण बरेच जण सगळ्यांची तयारी एकच समजतात आणि तिथेच फसतात. जॅम म्हणजे तीन तास, ६० प्रश्न, १०० मार्क. त्यातले ३० साधे एमसीक्यू ज्यात निगेटिव्ह आहे, १० असे की एकाहून जास्त उत्तरं बरोबर असू शकतात, आणि २० मध्ये आकडा टाइप करायचा. या शेवटच्या दोन्हींत निगेटिव्ह नाही. फेब्रुवारीत असते. इथे स्पीड लागतो, आणि डिफरन्शियल इक्वेशन नि मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस ज्यांनी "सोपं आहे, नंतर बघू" म्हणून सोडलं ते इथे गळतात (मी). आयआयटीच्या एम.एस्सी.ला हाच रस्ता. कोणाचं पत्र लागत नाही, तेवढं टेन्शन कमी.

सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) आणि आयएसआयच्या परीक्षा मे महिन्यात, आणि तिथे कागदावर पूर्ण सिद्धता लिहावी लागते. जॅमचे क्लास लावून तिथे गेलेली पोरं कोऱ्या उत्तरपत्रिका देऊन येतात, उत्तर माहीत असतं पण का ते लिहिता येत नाही. टीआयएफआरची जीएस (तिथली प्रवेश परीक्षा) डिसेंबरात, ती ऑब्जेक्टिव्हच असते पण खरं-खोटंचे प्रश्न असे खवट की प्रत्येकाला मनात एक काउंटरएक्झाम्पल (विधान खोटं पाडणारं उदाहरण) शोधावं लागतं. आणि पुढे मुलाखत.

मुलाखतीचं एक सांगतो. मला विचारलं, असा ग्रुप सांग जो सायक्लिक (एकाच घटकातून तयार होणारा) नाही पण ज्याचे सगळे प्रॉपर सबग्रुप (आतले छोटे ग्रुप) सायक्लिक आहेत. मी म्हटलं क्लाइन फोर. बरं, आता इन्फिनिट सांग. मी गार. पाच मिनिटं फळ्यासमोर खडू घेऊन उभा, मागे एसीचा आवाज. मग त्यांच्यातले एक जण म्हणाले युनिट सर्कलवर बघ. मग २, ४, ८, १६ असे रूट्स ऑफ युनिटी घेतले, सगळे एकत्र टाकले, आणि हळूहळू दिसलं की कुठलाही प्रॉपर सबग्रुप कुठेतरी अडकतो म्हणजे फायनाइट आणि सायक्लिक निघतो, पण पूर्ण ग्रुप कोणा एकाने जनरेट होत नाही. याला नाव आहे हे मला बाहेर आल्यावर कळलं (प्रुफर ग्रुप). मला वाटलं गेलं सगळं कारण हिंट लागली. पण निवड झाली. नंतर कळलं की त्यांना हिंट दिल्यावर पोरगं काय करतं तेच बघायचं असतं. तुला ग्रुप थिअरी आवडते म्हणतेस तर लिहून बघ नीट, दोन तास मजेत जातील.

परदेशी_पुणेकर:

मी अमेरिकेत पीएच.डी. तिसऱ्या वर्षाला, मूळचा कर्वेनगर. सगळे बाहेरचं विसर म्हणतायत म्हणून दुसरी बाजू.

पैशांचं आधी, कारण बाबांना तेच सांगावं लागणार. इथे गणितात पीएच.डी.ला बहुतेक ठिकाणी ट्यूशन माफ आणि टीएशिप, म्हणजे पहिल्या वर्षाच्या पोरांना कॅल्क्युलस शिकवायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. अगदी ऐश नाही पण घरून पैसे मागवावे लागत नाहीत. मास्टर्सला मात्र असं क्वचित, त्यात लाखो रुपयांचं कर्ज होतं, गणितासाठी ते करू नकोस. अर्जाची फी एका ठिकाणी १०० डॉलरच्या आसपास पकड, म्हणजे दहा ठिकाणी केलेस तर एक चांगला लॅपटॉप गेला. काही ठिकाणी फी माफ करून मिळते, मेल टाकून विचारायला लाजू नकोस, मी लाजलो.

गणिताची सब्जेक्ट जीआरई (अमेरिकेतल्या प्रवेशासाठीची विषयाची परीक्षा) आता बऱ्याच ठिकाणी ऑप्शनल झालीये, पण आपल्या कॉलेजचं नाव तिकडे कोणाला माहीत नसतं त्यामुळे चांगला स्कोअर असेल तर टाकावा असं माझं मत. ६६ प्रश्न, निम्मे कॅल्क्युलस, पाव अल्जिब्रा, बाकी सगळं मिसळ. वर्षातून तीनदाच होते, सप्टेंबर, ऑक्टोबर आणि एप्रिल.

तीन वर्षांच्या डिग्रीचा लोच्या खरा आहे. काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी सरळ लिहिलेलं असतं चार वर्षं हवीत. त्यामुळे ऑनर्सचं चौथं वर्ष तुला इथे उपयोगी पडेल. आणि ऑफर आलीच तर घाईत हो म्हणू नकोस, फंडिंगच्या ऑफरला उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो, बहुतेक सगळ्या युनिव्हर्सिट्यांनी तसं मान्य केलेलं आहे.

जर्मनी पण बघ. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, मास्टर्सला सुद्धा, फक्त सेमिस्टरचं थोडं शुल्क. अपवाद आहेत, बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात बाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. पण व्हिसासाठी एका वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात आणि भारतीयांना एपीएस सर्टिफिकेट (आपली कागदपत्रं तपासल्याचं) आधी काढावं लागतं, त्यात वेळ जातो, ते शेवटच्या महिन्यावर ठेवू नये. बॉनला माझा मित्र आहे, त्याच्याकडून तिथल्या विद्यापीठाने प्रत्येक विषयाचा सिलॅबस इंग्रजीत मागितला होता, आणि त्याने कॉलेजच्या ऑफिसमधून तो शिक्का मारून घ्यायला जेवढे हेलपाटे घातले तेवढे व्हिसाला नाही घातले.

प्रॅक्टिकल_पंत:

सगळे फार आदर्श बोलतायत. भारतात प्रोफेसरला वेळ नसतो, एकेका वर्गात शंभर पोरं, त्यातून पेपर तपासणी, नॅक, त्याला तुझं पत्र लिहायला कुठून जमणार. ड्राफ्ट आपणच द्यायचा, जरा चांगला लिहायचा, झालं. मी एमएस (कॉम्प्युटर) ला असंच केलं आणि ॲडमिशन मिळाली. उगाच पोरीला घाबरवू नका.

निवृत्त_मास्तर:

पंत, तुमच्या शाखेचं मला माहीत नाही. गणितात मी तीस वर्षं शिकवलं, शे-सव्वाशे पत्रं लिहिली असतील, आणि प्रवेशसमितीवर बसून त्याहून जास्त वाचली, म्हणून चार ओळी.

"मेहनती, वक्तशीर, नम्र, मनमिळाऊ" असं पत्र आलं की आम्ही ते बाजूला ठेवायचो. हे सगळं स्थळाच्या बायोडेटात शोभतं. समितीला कळायला हवं असतं की या मुलीला एखादा प्रश्न दिला, तो तिला आला नाही, तेव्हा तिने काय केलं. रडली, सोडला, कुठून तरी उत्तर उतरवलं, की चार दिवसांनी येऊन म्हणाली सर हे पूर्ण नाही जमलं पण ग्रुप अबेलियन असेल तर जमतंय. शेवटचं वाक्य ज्या पत्रात असतं ते पत्र. आणि ते विद्यार्थिनीला स्वतःला लिहिताच येत नाही, कारण आपण त्या दिवशी काही विशेष केलं हे तिला ठाऊकच नसतं. मी एका मुलाबद्दल लिहिलं होतं की त्याने माझ्या तासाला माझीच चूक दाखवली आणि मग मधल्या सुट्टीत येऊन माफी मागितली, चूक माझी असून. तो मुलगा हे स्वतःच्या ड्राफ्टमध्ये कशाला लिहील?

दुसरं, तुलना. पत्र लिहिणाऱ्याला फॉर्मवर विचारतात की गेल्या काही वर्षांतल्या विद्यार्थ्यांत ही कुठे बसते. सगळ्यांना "सर्वोत्तम" लिहिणारे शिक्षक असतात, आणि त्याच कॉलेजचे अर्ज दरवर्षी आले की तेही लक्षात येतं.

तर बाई, आत्ता तुमच्याकडे पत्र देऊ शकणारा माणूस एक आहे, तीन नाहीत, हे मान्य करा. त्यात कमीपणा नाही. पण त्या एका सरांकडे "पत्र द्याल का" म्हणून जाऊ नका. "मला तुमच्याकडे आठवड्यातून एक तास बसायचंय, एखादं प्रकरण वाचून फळ्यावर सांगायचंय" म्हणून जा. आमच्या पेशातला जो माणूस याला नाही म्हणतो त्याचं पत्र तसंही कामाचं नसतं. आणि जेव्हा पत्र मागाल तेव्हा डेडलाइनच्या निदान सहा आठवडे आधी, सोबत मार्कशीट, एसओपीचा कच्चा मसुदा आणि तारखांची एका पानाची यादी. आठवण करून द्यायला संकोचू नका, आम्ही विसरतो.

बाबांना सांगा, नेट-जेआरएफ (संशोधनवृत्तीची परीक्षा) झाली तर महिना ३७,००० आणि वर घरभाडं. हिंजवडीच्या सुरुवातीच्या पगारापेक्षा फार कमी नाही, आणि वाकडच्या पुलावर उभं राहावं लागत नाही.

धायरीची_डेल्टा:

सर, बाई नका म्हणू प्लीज, अगं म्हणा. वाकडच्या पुलाचं बाबांना वाचून दाखवलं, हसले पण हरले नाहीत.

मग चौथं वर्ष घ्यावं असंच सगळ्यांचं दिसतंय? आणि बाकीची दोन पत्रं? पुण्यात कॉलेजबाहेर कोण मला विचारणार, मी काही आयसरची (पाषाणची विज्ञान संस्था) नाही.

पाषाण_लोकल:

आयसरची नसलीस तरी सेमिनारला येऊन बसता येतं, डिपार्टमेंटच्या साइटवर वेळ आणि विषय असतो, गेटवर ओळखपत्र दाखवायचं. पहिले सहा कळणार नाहीत, सातव्यात एक स्लाइड कळेल, तेवढ्यासाठी यायचं. शेवटी चहा असतो, तिथे प्रश्न विचार. विद्यापीठाच्या डिपार्टमेंटचं पण बघ, आणि मेंबरशिप मिळाली तर जयकर लायब्ररीत बस.

लॉ कॉलेज रोडजवळ भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये सुरू केलेलं. लायब्ररी आहे, शांत आहे. तुझ्या एसओपीतले भास्कराचार्य तिथे ठेवून ये.

चौथ्या वर्षाबद्दल, पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के असले की ऑनर्स विथ रिसर्च घेता येतं, त्यात वर्षभर एका गाइडकडे प्रोजेक्ट. म्हणजे दुसरं पत्र आपोआप तयार होतं, जर प्रोजेक्ट मनापासून केलास तर. नुसतं चार जागचं उतरवून स्पायरल बाइंडिंग केलं तर मास्तरांचं ते "मनमिळाऊ" येईल.

कात्रज_ते_कोलकाता:

तिसऱ्या पत्रासाठी एमटीटीएस, गणिताचं उन्हाळी शिबिर. १९९३ पासून चालू आहे, उन्हाळ्यात चार आठवडे, वेगवेगळ्या शहरांत. तिथे शिक्षक काही सांगतच नाहीत, नुसते विचारतात. "का?" "खात्री आहे?" "उदाहरण दे." मी पहिल्या आठवड्यात घरी फोन करून परत येतो म्हटलं होतं. चार आठवडे रोज तुला फळ्यावर बघितलेला माणूस जे लिहील ते तीन वर्षं हजेरी घेणारा नाही लिहू शकत. शिवाय जानेवारीत माधव स्पर्धा असते, एस. पी. कॉलेजच्या गणित विभागाने सुरू केलेली, पदवीच्या पोरांसाठी, ती दे. नंबर नाही आला तरी ते प्रश्न सोडवताना जॅमच्या तयारीतला आळस झडतो.

आणि उन्हाळ्याच्या फेलोशिप, तिन्ही सायन्स ॲकॅडमींची मिळून एक आहे, दोन महिने कोणा प्राध्यापकाकडे जाऊन वाचायचं. तिचा फॉर्म उन्हाळ्याच्या कितीतरी आधी निघतो, मार्चमध्ये आठवण येऊन उपयोग नसतो.

प्रॅक्टिकल_पंत:

बरं ठीक आहे, गणिताचं वेगळं असेल. पण चौथं वर्ष घेऊन वर्ष वाया गेलं आणि ऑफर पण गेली तर? कोणी बोलत नाहीये.

परदेशी_पुणेकर:

वाया कसं, चार वर्षांची ऑनर्स झाली की पुढचं एम.एस्सी. भारतात एका वर्षाचं होतं, हिशोब तोच. ऑफरचं म्हणाल तर हो, ती जाईल. ते पंतांचं बरोबर आहे, ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. माझ्या बॅचचे जे आयटीत गेले त्यांचे फ्लॅट झालेत, मी अजून रूममेटबरोबर भांडी कोणी घासायची यावर भांडतो. ते झेपणार असेल तरच.

निवृत्त_मास्तर:

यंदा जॅम आणि टीआयएफआरचा फॉर्म भर, पुढे सीएमआय-आयएसआयचा पण. त्यात लागलीस तर चौथ्या वर्षाचा प्रश्नच मिटला. नाही लागलीस तर ऑनर्स, आणि पुढच्या वर्षी बाहेरचे अर्ज, तोवर तीन खरी पत्रं. यंदा डिसेंबरात घाईने बाहेर अर्ज करू नकोस, फी वाया जाईल. आणि एसओपीत तू अडलेलं एक गणित लिही.

धायरीची_डेल्टा:

अपडेट. दोन दिवस धीरच होत नव्हता, काल गेले ग्रुप थिअरीच्या सरांकडे. स्टाफरूममध्ये गठ्ठे तपासत बसले होते. मी ठरवून गेलेलं वाक्य विसरले आणि सरळ पाषाण_लोकल यांचा प्रश्नच सांगितला, की सर इन्फिनिट ग्रुप, सायक्लिक नाही, पण सगळे प्रॉपर सबग्रुप सायक्लिक, मी काल रात्री केलंय पण एक पायरी नीट बसत नाहीये. सरांनी पेन खाली ठेवलं. प्रत्येक प्रॉपर सबग्रुप फायनाइट का, तिथेच मी अडकले होते. त्यांनी सांगितलं नाही, म्हणाले समजा त्यात हवे तेवढे मोठ्या ऑर्डरचे एलिमेंट्स आहेत, मग काय होईल? मी बस स्टॉपपर्यंत विचार करत गेले आणि धायरीची बस सुटली. पण झालं ते: तसं असेल तर सगळेच रूट्स आत येतात, म्हणजे सबग्रुप प्रॉपर राहतच नाही.

दर बुधवारी साडेतीनला बोलावलंय. पत्राचं काही काढलं नाही मी. जॅमचा फॉर्म भरला, फोटोची साइज तीनदा रिजेक्ट झाली.

फुकटसल्ला_पुणे:

एसओपीची पहिली ओळ मिळाली की. बस सुटली तिथून सुरू कर.

निवृत्त_मास्तर:

बुधवारी जाताना वही ने, सुटे कागद नको. आणि टीआयएफआरचा फॉर्म?

धायरीची_डेल्टा:

आज रात्री भरते सर. नक्की.